साडेसहा मीटर म्हणजे कुठल्या पायरीपर्यंत?



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला दिलेला विषय मोठा आहे: तंत्रज्ञान, माणसाची कल्पकता आणि माणसाचे वर्तन. या विषयावर बोलताना सहसा बंगळूर किंवा पुण्याची उदाहरणे येतात, कृत्रिम बुद्धिमत्तेचे कौतुक होते, तिची थोडी भीती घातली जाते, आणि यंत्र माणसाची जागा घेणार का, हा प्रश्न हवेत ठेवून वक्ता खाली बसतो. महाडमध्ये हा विषय इतका हवेत ठेवता येत नाही. इथे दर पावसाळ्यात यंत्र आणि माणूस समोरासमोर येतात. नदीची पातळी मोजली जाते, उपग्रह ढग पाहतात, मोबाइलवर इशारा येतो. त्यानंतर माणूस काय करतो, यावर त्याचा संसार वाचणार की वाहून जाणार हे ठरते. म्हणून पूर आणि दरड या दोन गोष्टींपुरतेच मी बोलणार आहे. माझे म्हणणे असे: माणसाचे वर्तन बाहेरून नुसते न्याहाळणारे तंत्रज्ञान ते अर्धेच समजून घेते. लोकांनी स्वतः काही घडवावे, मोजावे, दुरुस्त करावे अशी जागा ज्या तंत्रज्ञानात असते, त्याला माणूस कळतो आणि माणसालाही ते कळते. कल्पकता ही सुबत्ता आल्यावर करायची हौस आहे असे आपण समजतो. आपत्तीच्या बाबतीत तरी ती सुरक्षेची पूर्वअट आहे.

आधी जागेविषयी. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, घाट उतरून पोलादपुरात येते आणि महाडला वळसा घालून बाणकोटच्या खाडीकडे जाते. वाटेत काळ आणि गांधारी तिला येऊन मिळतात. वर अतिवृष्टी आणि खाली भरती यांची वेळ जुळली की पाणी पुढे सरत नाही, बाजारपेठेत शिरते. २२ जुलै २०२१ ला तसेच झाले. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक तालुक्यांत सबंध पावसाळ्यातही याहून फार जास्त पाऊस पडत नाही. त्या रात्री महाड पाण्याखाली होते, वीज गेली होती, फोन बंद पडले होते, आणि बाहेरून निघालेल्या बचाव पथकांना रस्त्यांवरच्या पाण्याने अडवून धरले होते.

आता यंत्रणेचे बोलणे ऐका. रायगड जिल्हा प्रशासनाच्या पावसाळी अहवालात सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर दिलेली असते. नदीवर मोजणी करणाऱ्या अभियंत्याला या आकड्यांचा अर्थ पक्का ठाऊक असतो, त्याच्यापुरते ते अचूक आहेत. पण सुकट गल्लीतल्या दुकानदाराला किंवा दस्तुरी नाक्याजवळ तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला त्यातून काय समजायचे? साडेसहा मीटर म्हणजे माझ्या दुकानाच्या कुठल्या पायरीपर्यंत? माल फळीवर ठेवून भागेल, पोटमाळ्यावर चढवावा लागेल, की माल जिथल्या तिथे टाकून माणसांनीच निघायचे? ज्या आकड्यावरून पुढची कृती ठरत नाही, तो माहिती म्हणून कितीही खरा असला तरी इशारा म्हणून अपुरा असतो. एका बाजूला मीटर आहे आणि दुसऱ्या बाजूला पायरी. या दोहोंमधले अंतर कोणी भरून काढायचे, हाच आजचा प्रश्न आहे.

ते अंतर लोक आजवर आपल्या परीने भरून काढत आले आहेत, आठवणीच्या आधाराने. महाडमध्ये पुराचे माप म्हणजे मागच्या मोठ्या पुराची भिंतीवरची खूण. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पुराने इथल्या एका पिढीला असे माप दिले. त्यानंतर पाणी भरू लागले की माल त्या खुणेच्या वर चढवायचा, वाहन त्या वेळी कोरड्या राहिलेल्या जागी लावायचे, हा हिशेब घराघरांत पक्का झाला. २०२१ चे पाणी अनेक ठिकाणी त्या खुणेच्याही वर गेले आणि हिशेब चुकला. यावर बाहेरच्या माणसाची प्रतिक्रिया ठरलेली: लोकांनी इशारा गंभीरपणे घेतला नाही. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. आठवण खोटी नव्हती आणि त्या आठवणीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आळसही केला नव्हता; त्यांच्या हाती असलेल्या सर्वांत भरवशाच्या पुराव्यावर ते वागले. हा पुरावा या वेळी पुरणार नाही, हे त्यांना त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या भिंतीवर दाखवणारे दुसरे काही नव्हते.

आपत्तीतल्या मानवी वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास आता साठ वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात या विषयाचे संशोधन केंद्र उभारले. त्यांच्या कामातून पहिला धक्का बसला तो एका लाडक्या समजुतीला. संकटात माणसे सैरावैरा पळतात, एकमेकांना तुडवतात, लुटालूट करतात, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अशी घबराट विरळा. बहुतेक माणसे शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरून राहतात, आणि संघटित मदत पोहोचण्याआधीच आसपासच्यांनी बचावकार्य सुरू केलेले असते. डेनिस मिलेटी आदी अभ्यासकांनी इशाऱ्यांचा अभ्यास करून दुसरी गोष्ट दाखवली. इशारा मिळाल्याबरोबर माणूस हलत नाही. तो आधी खातरजमा करतो: खिडकीतून पाहतो, शेजाऱ्याला विचारतो, नातेवाइकाला फोन लावतो, दुसऱ्या कुणाकडून तेच ऐकायला मिळते का याची वाट पाहतो. इशारा नेमका असेल, कोणी, कधी, कुठे आणि काय करायचे हे त्यात सांगितलेले असेल, आणि तो ओळखीच्या विश्वासू तोंडून पुन्हा कानी पडला, तर हा वेळ कमी होतो.

या निष्कर्षांवरून आपल्याकडच्या व्यवस्थेला एक गोष्ट शिकता येते. लोक घाबरतील म्हणून पूर्ण माहिती द्यायची नाही, ही अधिकाऱ्यांची जुनी सवय निराधार आहे. तितकीच निराधार आहे ती नवी समजूत, की संदेश फोनवर पडला म्हणजे काम झाले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ यंत्रणा आज एखाद्या भागातल्या सर्व मोबाइलवर एकाच वेळी इशारा पाठवू शकते. २०२३ मध्ये तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा राज्यभर फोन मोठ्याने वाजले होते. ही सोय मोलाची आहे, तिला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. पण ती खातरजमेची सुरुवात करून देते. खातरजमा पुढे वाडीत, गल्लीत, ओटीवर होते. तिथे काय बोलले जाते, हे ज्या यंत्रणेला माहीत नाही तिला आपल्याच इशाऱ्याचे पुढे काय झाले ते कळत नाही.

समजणे आणि वागणे यांत किती अंतर असते, हे महाडला वेगळे शिकवायला नको. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदोपत्री प्रश्न सुटला होता. तरीही १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी त्यांना घेता आले नाही, कारण मारहाणीची आणि बहिष्काराची भीती ठरावाने गेली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. पुराचा इशारा आणि मानवी हक्कांचा लढा यांची बरोबरी मी करत नाही. पण वर्तनाच्या अभ्यासकाला या घटनेतून दोन धडे मिळतात. माहिती जाहीर होणे आणि ती वापरता येणे यांच्यामध्ये सत्ता, भीती आणि गावातले स्थान उभे असते. आणि जे लोक एरवी केवळ ठरावाचे लाभार्थी म्हणून मोजले जातात, ते स्वतः कर्ते होतात तेव्हाच ते अंतर तुटते. आजही गावाच्या इशाऱ्याचा निरोप गावठाणात आधी पोहोचतो, की बौद्धवाडीत आणि आदिवासीवाडीवरही त्याच वेळी, हा प्रश्न कोणत्याही ॲपच्या आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवा.

इथे तंत्रज्ञानाचे समर्थक म्हणतील, की ही सगळी जुन्या साधनांची दुखणी आहेत. आज माणसाचे वर्तन थेट मोजता येते. फोन कुठून कुठे हलला, लोकांनी गुगलवर काय शोधले, समाजमाध्यमांवर काय लिहिले, यावरून कोण केव्हा निघेल याचे गणित मांडता येईल. या दाव्यात तथ्य आहे. २०१० मध्ये हैतीतल्या भूकंपानंतर संशोधकांनी सुमारे १९ लाख सिम कार्डांच्या नोंदींवरून राजधानीबाहेर किती माणसे कुठे गेली याचा अंदाज बांधला आणि तो मदतीच्या कामाला उपयोगी ठरला. पण दुसरे उदाहरणही पाहा. गुगलने २००८ मध्ये लोकांच्या शोधांवरून फ्लूची साथ ओळखण्याची सेवा सुरू केली. सुरुवातीला तिची वाहवा झाली. २०१२-१३ च्या हंगामात तिचे आकडे अमेरिकेच्या सरकारी नोंदींच्या जवळपास दुप्पट निघाले आणि २०१५ मध्ये ती सेवा बंद झाली. लोक काय शोधतात हे यंत्राला दिसत होते. ते का शोधतात, आजारी पडले म्हणून की बातमी वाचली म्हणून, हे दिसत नव्हते. महाडच्या बाबतीत हा ‘का’ फार महत्त्वाचा आहे. एखाद्या घरचा फोन मध्यरात्री जागचा हलला नाही, एवढे यंत्र सांगेल. गोठ्यातली जनावरे सोडून जाणे जिवावर येते म्हणून हलला नाही, की अंथरुणाला खिळलेल्या आजीला उचलून नेणारे कोणी नाही म्हणून, की फोन केव्हाच भिजून बंद पडला आहे म्हणून, हे ते सांगू शकणार नाही. यांतल्या प्रत्येक कारणावर उपाय वेगळा आहे. शिवाय ज्याच्याकडे फोनच नाही, तो या हिशेबात धरलाच जात नाही.

मग ‘का’ कसे कळणार? विचारून थोडे कळते. सोबत काही घडवायला दिले तर बरेच अधिक कळते. सेमूर पॅपर्ट या गणिती शिक्षणतज्ज्ञाने लहान मुलांसाठी संगणकाची भाषा तयार करताना एक विचार मांडला: दुसऱ्याला दाखवता येईल अशी वस्तू माणूस जेव्हा स्वतः बनवतो, तेव्हा तो सर्वांत चांगला शिकतो. आपल्याकडे हाच विचार मातीत उतरवून दाखवला तो डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी. १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची कामे करत विज्ञान शिकू लागली. पुढे एमआयटीच्या कल्पनेतली ‘फॅब लॅब’ ही वस्तू घडवण्याची कार्यशाळाही अमेरिकेबाहेर सर्वांत आधी जिथे पोहोचली, त्यांत पाबळ होते. खेड्यातल्या मुलाच्या हाती साधन दिले, की तो गावाच्या गरजेचे काहीतरी बनवतो, हे पाबळने दाखवले. त्याला काय बनवावेसे वाटले, यावरून गावाची खरी अडचणही कळते. कल्पकता आणि वर्तनाची समज यांचा सांधा इथे आहे.

आपत्तीच्या क्षेत्रात या सांध्याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमधल्या कामाइशी शहराचे आहे. गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका कातादा यांनी तिथल्या शाळांबरोबर अनेक वर्षे काम केले. मुलांनी आपल्या परिसराचे नकाशे स्वतः तयार केले, घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर उंचावर कुठे जाता येते ते शोधले. एका माध्यमिक शाळेतल्या मुलांनी ‘आम्ही सुरक्षित जागी गेलो आहोत’ असे सांगणाऱ्या पाट्या बनवून घरोघर वाटल्या, म्हणजे कुणाच्या शोधात कोणी मागे थांबून जीव गमावू नये. कातादांनी मुलांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या: ठरलेल्या अंदाजावर विसंबू नका, त्या घटकेला जे उत्तमातले उत्तम करता येईल ते करा, आणि इतरांची वाट न पाहता सर्वांत आधी निघा. ११ मार्च २०११ ची त्सुनामी सरकारी नकाशात सुरक्षित दाखवलेल्या शाळांपर्यंत आली. मोठी मुले धावत निघाली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुले आधी वरच्या मजल्यावर गेली होती, त्यांना पाहून तीही बाहेर पडली. पहिली ठरलेली जागा धोक्याची वाटल्यावर सगळी आणखी वर गेली. शहरातली सुमारे तीन हजार शाळकरी मुले, म्हणजे जवळपास सगळी, वाचली.

हे उदाहरण सांगताना त्याची दुसरी बाजू झाकणे बरोबर नाही. या शाळा कामाइशीच्या ज्या उनोसुमाई भागात होत्या, त्याच भागात लोकांच्या सरावासाठी एक नवी इमारत वापरली जात असे. वृद्धांना चढ नको, सरावाला माणसे जास्त यावीत, म्हणून सोयीची जागा निवडली होती. त्सुनामीत आसरा घेण्याची ती अधिकृत जागा नव्हती. त्या दिवशी लोक सवयीने तिथेच गेले आणि शंभराहून अधिक माणसे तिथे मेली. म्हणजे सहभाग हा मंत्र नव्हे. चुकीची गोष्ट सर्वांनी मिळून, आनंदाने, वर्षानुवर्षे गिरवता येते. फरक इतकाच होता, की मुलांना नकाशा बनवायला शिकवताना तो चुकू शकतो हेही शिकवले होते, आणि मोठ्यांच्या सरावात ती शंका घ्यायला जागा ठेवली नव्हती. स्वतः बनवलेल्या वस्तूवर शंका घेण्याची सवय, याला मी कल्पकतेचे मर्म मानतो.

आता नदीकाठावरून डोंगराकडे वळू. २००५ मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहण या महाड तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावातली वाडी डोंगराखाली गाडली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडींनी बळी घेतले. पुराला निदान मोजपट्टी तरी आहे. दरडीला तीही नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे केले आहेत, त्यांचे प्रमाण एकास पन्नास हजार असे आहे. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. शंभर मीटर रुंदीची वाडी त्यावर दोन मिलिमीटरची होते, पेन्सिलीच्या बोथट टोकाखाली झाकून जाईल इतकी. हा नकाशा तालुक्याचे नियोजन करण्यासाठी आहे आणि त्यासाठी तो आवश्यकच आहे. पण आज रात्री वरच्या घरातल्यांनी खालच्या शाळेत झोपावे की नाही, हे त्याच्याकडून कळणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ती वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले. यादीत नसणे म्हणजे सुरक्षित असणे, असा अर्थ लोकांनी आणि कार्यालयांनी घेतला, तर यादीच घात करते.

नकाशाच्या त्या दोन मिलिमीटरांत काय चालले आहे, हे जवळून पाहू शकतो तो तिथे राहणारा माणूस. उतारावर नवी भेग पडणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसू लागणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे: भूवैज्ञानिक ही लक्षणे सांगतात आणि डोंगरकपारीचा शेतकरी ती ओळखतो. ओळखीचे नोंदीत रूपांतर करायला भारी साधन लागत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोकायची, दोहोंमधले अंतर रोज ठरल्या वेळी टेपने मोजायचे आणि वहीत लिहायचे. चार दिवस एकच आकडा येत होता आणि पाचव्या दिवशी तो वाढला, तर ती बातमी आहे. सरळ बाजूंची बाटली कापून, तिचा वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवून शाळेतली मुले पर्जन्यमापक बनवू शकतात. त्यात जमलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की झाला पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे समजलेल्या मुलाला ‘आज तीनशे मिलिमीटर’ हा आकडा ऐकून आपल्या छपरावर किती पाणी पडले ते सांगता येते. ही बाटली हवामान खात्याच्या यंत्राइतकी अचूक नसेल. पण तालुक्याच्या ठिकाणचा आकडा आणि डोंगराच्या पोटातल्या वाडीचा आकडा यांत मोठा फरक पडतो, आणि तो फरक पकडायला वाडीत काहीतरी असावे लागते. मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते मोजणाऱ्याचे बदलणे. मुलीने स्वतः मोजलेला पाऊस घरात चर्चेला येतो. तिने लिहिलेल्या आकड्यावर आजोबा वाद घालतात. खातरजमेची जी प्रक्रिया संकटाच्या रात्री तासभर खाते, ती आधीच सुरू झालेली असते.

या नोंदी वेगाने फिरवण्याची साधने आज आहेत. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांत वापरात असलेल्या ग्राम सुरक्षा यंत्रणेत गावातला माणूस एका ठरावीक क्रमांकावर फोन करून बोलतो आणि त्याचाच आवाज गावातल्या सर्वांच्या फोनवर जातो. सुरुवात चोरी-दरोड्याच्या भीतीतून झाली; उपयोग आग, बिबट्या, पूर अशा सगळ्याच प्रसंगी झाला. यात यंत्र साधे आहे, पण बोलणारा ओळखीचा आहे, आणि संशोधनाने हेच तर सांगितले आहे. इंडोनेशियात २०१३ पासून उभ्या राहिलेल्या ‘पेताबेंचाना’ या व्यवस्थेत जकार्तातल्या लोकांनी आपल्या गल्लीत पाणी कुठवर आले हे कळवायचे आणि त्यातून सर्वांसाठी पुराचा नकाशा तयार व्हायचा. बांगलादेशने १९७० च्या चक्रीवादळात काही लाख माणसे गमावली. त्यानंतर तिथे स्वयंसेवकांची फौज उभी राहिली, झेंडे आणि ध्वनिक्षेपक घेऊन दारोदार जाणारी. आता ती सत्तर हजारांच्या वर आहे आणि तिच्यात स्त्रियांचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. उपग्रहाची बातमी किनाऱ्यावरच्या झोपडीत पोहोचवणारे हे शेवटचे पाऊल माणसांनी टाकले. पक्के निवारे आणि सुधारलेले अंदाज यांच्या जोडीला ही माणसे नसती, तर मृत्यूंची संख्या तिथे इतकी खाली आली नसती.

या विचारावर तीन आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला: लोकांच्या हाती इशारा दिला तर अफवा पसरतील; दोनदा खोटा निरोप आला की तिसऱ्यांदा कोणी हलणार नाही. धोका खरा आहे. पण अफवा आजही पसरतातच, व्हॉट्सॲपवर, कुठल्या तरी जुन्या पुराचा व्हिडिओ नव्या तारखेने. अफवेवर उतारा म्हणजे पडताळता येणारी नोंद. कोणी, किती वाजता, कुठे उभे राहून मोजले, एवढे ज्या निरोपात असेल तो ताडून पाहता येतो. खबरदारी म्हणून गाव रिकामे केले आणि दरड आली नाही, तर कोणी फसवले असे वाटू नये, यासाठी मोजणारे आणि निघणारे एकच असावे लागतात. आपण कशाच्या आधारावर निघालो हे ज्याला माहीत असते, तो फुकट गेलेली फेरी समजून घेतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही सरकारने आपली जबाबदारी लोकांच्या गळ्यात मारण्याची सोय नव्हे काय? नदीतला गाळ काढणे, पात्रातले अडथळे दूर करणे, धोक्याच्या वाड्यांचे वेळेत पुनर्वसन करणे, ही कामे कुठल्याही बाटलीच्या पर्जन्यमापकाने होणार नाहीत. हे मला पूर्ण मान्य आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. तो पूल धोकादायक आहे की नाही, हे ठरवणे प्रवाशांचे काम नव्हते. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, त्यावर पुराची सूचना देणारी साधने बसवली गेली, आणि ते राज्ययंत्रणेचेच काम होते. म्हणून सीमा स्पष्ट असावी: बांधणे, काढणे, हलवणे सरकारचे, पाहणे, नोंदणे, विचारणे लोकांचे. माझा अनुभव नव्हे, तर्क सांगतो, की नोंदी ठेवणाऱ्या गावाला टाळणे कठीण जाते. ‘आमच्याकडे भेग पडली आहे’ या अर्जाला उत्तर द्यायला कार्यालय महिने लावू शकते. ‘ही भेग दहा दिवसांत इतकी रुंदावली, ही वहीची प्रत’ या अर्जावर पोच दिल्यानंतर गप्प बसणाऱ्याला पुढे जाब द्यावा लागतो. नोंद जबाबदारी ढकलत नाही, ती निश्चित करते.

तिसरा आक्षेप महाड-पोलादपूरच्या माणसाला लगेच सुचेल: वाड्यांत माणसेच कुठे आहेत? तरणी पोरे मुंबई, ठाणे, सुरतेला आणि घरी म्हातारी माणसे. हे वास्तव आहे. म्हणूनच व्यवस्था त्यावर बेतायला हवी. वाडीतली वृद्ध जोडी इशारा ऐकून सर्वांत आधी कोणाला विचारणार? मुंबईतल्या मुलाला. मुलगा म्हणाला ‘आई, निघा’, तर ती निघेल. तो म्हणाला ‘काही होत नाही’, तर कलेक्टरच्या इशाऱ्यालाही ती जागची हलणार नाही. मग गावाच्या मुंबई मंडळाला या साखळीत अधिकृत जागा का नसावी? वर्गणी, पालखी, देवळाचा जीर्णोद्धार यांसाठी ही मंडळे पिढ्यान्‌पिढ्या चोख काम करतात. वाडीतल्या वहीचे रोजचे दोन आकडे त्यांच्या गटावर गेले, कोणत्या आकड्याला आईवडिलांना शाळेत हलायला सांगायचे हे आधी ठरले, तर तो मुंबईचा फोन अडथळा न राहता इशाऱ्याचा शेवटचा दुवा होईल. फोन बंद पडण्याची शक्यता धरून, ठरलेला आकडा ओलांडला की निरोपाची वाट न पाहता निघायचे, हेही त्याच बैठकीत पक्के करावे लागेल.

मग मोठ्या तंत्रज्ञानाचे, उपग्रहाचे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम काय? भरपूर आहे. पावसाचा आणि भरतीचा मेळ घालून काही तास आधी पातळीचा अंदाज देणे, शेकडो वह्यांतले आकडे एकत्र करून कुठल्या डोंगरावर काही वेगळे घडते आहे हे दाखवणे, तोच इशारा साध्या मराठीत आणि कातकरी वाडीत समजेल अशा बोलीत आवाजाने पोहोचवणे, ही कामे यंत्र माणसाहून वेगाने करील. अट एवढीच, की यंत्राला दिलेली माहिती गावाच्या मालकीची राहावी, कोण कुठे राहतो आणि कोण आजारी आहे ही यादी कुणाच्या जाहिरातीच्या धंद्यात जाऊ नये, आणि यंत्राच्या उत्तराला ‘हे आमच्याकडे बरोबर नाही’ असे सांगण्याची वाट वाडीतल्या माणसाला असावी. ती वाट नसेल, तर कितीही हुशार यंत्र शेवटी दवंडीच पिटते.

तेव्हा माझे मागणे नेमके आहे. पुढच्या मृगाआधी महाड नगर परिषदेने नदीवरच्या मोजपट्टीचा संबंध शहरातल्या खांबांशी जोडावा: बाजारपेठेत, दस्तुरी नाक्यावर, सुकट गल्लीत, गांधारीच्या बाजूला खांबांवर रंगाने लिहावे, की नदी साडेसहा मीटरला असता पाणी इथे येते, सात मीटरला इथे, आणि २००५ व २०२१ ला इथे आले होते. या मापांचे काम तज्ज्ञ अभियंत्याने करावे आणि रंगवण्याचे काम शहरातल्या शाळांनी. खांबावर सर्वांत वर एक ओळ कोरी ठेवावी, कारण पुढचे पाणी मागच्या खुणेचे ऐकत नाही. दोन्ही तालुक्यांतल्या डोंगराखालच्या प्रत्येक वाडीत एक पर्जन्यमापक, भेगांसाठी खुंट्या, एक वही आणि ती लिहिणारी दोन माणसे असावीत, त्यांतली एक बाई असावी. तहसील कार्यालयाने त्या वहीची आठवड्याला पोच द्यावी. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, आणि कशासाठीही पुढच्या दरडीची वाट पाहण्याची गरज नाही. सभागृहात शिक्षक आहेत, नगरसेवक आहेत, मुंबई मंडळांचे पदाधिकारी आहेत. पहिल्या खांबाची जागा उद्याच ठरवता येईल, ती ठरवा.